आधी गिरगोट्या, मग भूगोल

काल्पनिक जग रचणाऱ्या लोकांची एक गंमत असते. राजघराण्याच्या सात पिढ्या तयार असतात, तिथल्या भाषेचं व्याकरण अर्धं झालेलं असतं, कुठल्या लढाईत कोण कुणावर उलटलं ते तोंडपाठ असतं, आणि मग कुणीतरी विचारतं की बाबा रे, तुझ्या राजधानीच्या वेशीवर मी येऊन उभा राहिलो तर मला समोर काय दिसेल? की गाडी अडकलीच. "मोठा किल्ला आहे... मागे डोंगर आहेत... बर्फ वगैरे..." तोच किल्ला आणि तेच डोंगर, जे आपण सगळ्यांनी गेम्समध्ये आणि वॉलपेपरवर हजारदा बघितलेत. मीही याच जमातीतला आहे, म्हणून हसतोय.

यावर मला जे लागू पडलं ते म्हणजे काड्यापेटीएवढ्या चौकटीत भराभर केलेली गचाळ रफ स्केचेस. कॉन्सेप्ट आर्टवाले, म्हणजे गेम-सिनेमातली जगं आधी कागदावर रचणारे चित्रकार, त्यांना थंबनेल म्हणतात आणि बहुतेक ट्युटोरियलमध्ये त्यांचा उपयोग असा सांगतात की मोठं चित्र करायच्या आधी चार-सहा छोटे पर्याय काढून बघा, कॉम्पोझिशन म्हणजे चित्राची मांडणी ठरवा, मग पुढे जा. ते बरोबरच आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की जागा कुठली हे तुम्हाला माहितीये, फक्त कुठून बघायचं तेवढं ठरवायचंय. मला बोलायचंय ते त्याच्याही आधीच्या टप्प्याबद्दल, जिथे जागाच अजून नाहीये. तिथे हात आधी चालवायचा, मग जे उमटलंय त्यात जागा शोधायची, आणि ती सापडली की तिला "तू अशी का आहेस?" असं विचारत बसायचं. जगाचा अर्धाअधिक भूगोल त्या उत्तरांमधून तयार होतो, निदान माझ्याकडे तरी तसंच झालंय.

सामानाबद्दल फार बोलत नाही कारण त्यात काही नाहीये. बॉलपेन, एक जाडा ब्रश पेन, दोन राखाडी मार्कर, एक फिका आणि एक गडद. कागद कुठलाही, उलट जितका भारी कागद तितका हात आखडतो, त्यामुळे पाठकोरे प्रिंटआऊट सगळ्यात उत्तम. चौकट साधारण पाच सेंटीमीटर रुंद आणि तीन उंच, स्क्रीनच्या १६:९ च्या जवळ जाते म्हणून नाही तर एका पानावर भरपूर बसतात म्हणून. खोडरबर लांब ठेवायचा. पेन्सिलही मी टाळतो, पेन्सिल हातात आली की आपोआप हळूच, फिकट, "नंतर पक्कं करू" अशा रेघा यायला लागतात आणि मग ते नंतर कधी येत नाही.

छोटं का आणि भराभर का, याची कारणं वेगवेगळी आहेत आणि लोक ती एकत्र करून टाकतात. छोटं अशासाठी की त्या मापात खिडक्या, विटा, पानं काढताच येत नाहीत. जाड पेनाने पाच सेंटीमीटरमध्ये फक्त ढिगारे, भिंती, फटी, आकाश एवढंच होतं, आणि कुठलाही परिसर ओळखू येतो तो मुळात त्याच गोष्टींवरून, मोठ्या आकारांवरून. भराभर अशासाठी की डोक्यातला जो पहारेकरी आहे, जो प्रत्येक रेघेला "हे काय चाललंय?" विचारतो, त्याला वेळच द्यायचा नाही. एका चौकटीला दोन मिनिटं, फार तर तीन. फोनवर टायमर लावला तर उत्तम, पण बीप वाजल्यावर मी दचकतो म्हणून मी आपला अंदाजानेच करतो.

आणि पहिल्या पाच-सहा चौकटी फुकट जाणार हे धरूनच बसायचं. पहिल्यात किल्ला येतो, दुसऱ्यात धबधबा, तिसऱ्यात तरंगणारं बेट, चौथ्यात प्रचंड मोठा मोडका पुतळा ज्याचा फक्त हात वर आहे. येऊ दे. ते सगळं डोक्याच्या वरच्या थरात साचलेलं आहे, ते कागदावर सांडल्याशिवाय खालचं वर येत नाही. लोक इथेच सोडतात, "मला काही वेगळं सुचतच नाही" म्हणून. अरे, सुचायचं अजून सुरूच कुठे झालंय.

साधारण तिथून पुढे हात थकतो, कंटाळतो, आणि चुका करायला लागतो. खरी मजा तिथे.

ही युक्ती अर्थातच जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने चित्रकलेवरच्या त्याच्या टिपणांमध्ये लिहून ठेवलंय की डाग पडलेल्या भिंतींकडे, रंगीबेरंगी दगडांकडे बघत राहा, त्यात तुम्हाला डोंगर, नद्या, झाडं, खडक, लढाया सगळं दिसायला लागेल. लिओनार्दो १५१९ मध्ये गेला आणि ही टिपणं छापून यायला १६५१ उजाडलं. पण त्यातून रीतसर पद्धत बनवली ती अलेक्झांडर कझन्स नावाच्या माणसाने. हा जन्माने रशियातला, सेंट पीटर्सबर्गचा, काम केलं इंग्लंडमध्ये, चित्रकला शिकवायचा. १७८५ च्या सुमारास त्याने एक छोटं पुस्तक काढलं, विषय एवढाच की मनाने निसर्गदृश्य रचायचं तर सुरुवात डागांपासून करा. मोठा ब्रश घ्या, पातळ शाईत बुडवा, डोक्यात एक ढोबळ कल्पना धरा आणि कागदावर जमेल तितक्या वेगाने जमेल तितके वेगवेगळे आकार मारा. कागद आधी चुरगळून घेतला तर आणखी चांगलं, कारण सुरकुत्यांमध्ये शाई स्वतःच्या मर्जीने जाते. मग त्या डागावर पातळ पारदर्शक कागद ठेवायचा आणि जिथे डोंगर दिसतोय तिथे डोंगर, जिथे पाणी दिसतंय तिथे पाणी असं शोधत शोधत काढायचं. त्याच्या काळात लोकांनी त्याची टर उडवली, डाग पाडणारा मास्तर म्हणून. आज टॅब्लेटवर चित्र काढणारा जो कुणी अस्ताव्यस्त टेक्स्चर ब्रशने कॅनव्हास भरून टाकतो, वर नवीन लेयर उघडतो आणि त्यातून शहर शोधतो, तो अक्षरशः तेच करतोय, फक्त चुरगळायला कागद नाहीये.

कझन्सच्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे डोक्यात ढोबळ कल्पना धरून डाग मारायचा. निव्वळ अपघात नको, नाहीतर मग ढगात हत्ती बघण्यासारखं होतं, काहीही दिसतं आणि काहीच हाती लागत नाही. मी चौकट काढायच्या आधी एक शब्द ठरवतो, शक्यतो जागेचा नाही तर अवस्थेचा. "कोंदट", "उतरतं", "वाळलेलं", "उशीर झालेलं". "जंगल" असं ठरवलं की हात झाडं काढतो. "कोंदट" ठरवलं की हाताला कळत नाही काय काढायचं, तो अंधार वरून खाली दाबतो, मध्ये एक फट ठेवतो, आणि आपण बघतो की अरे ही तर कसली तरी जागा आहे.

आता एक उदाहरण नीट सांगतो, कारण नुसतं "चुकांमधून सुचतं" म्हणणं सोपं आहे.

शब्द होता "ताटकळलेलं". चौकटीत खालच्या तिसऱ्या भागात एक आडवी रेघ मारली, क्षितिज. डावीकडे ब्रश पेनने एक उभा काळा कडा काढायला गेलो आणि ब्रश पेन नेमका तेव्हाच सुकत आलेला, त्यामुळे वरती घट्ट काळं उमटलं आणि खाली येता येता शाई फाटत गेली, नुसत्या उभ्या ओरखड्यांसारखी. म्हणजे कड्याचा वरचा भाग भरीव आणि खालचा जणू बारीक काठ्यांवर उभा. उजवीकडे सपाट मोकळी जागा, त्यात फिक्या मार्करचे दोन पट्टे. झालं, दोन मिनिटं संपली, पुढच्या चौकटीकडे गेलो.

पान भरल्यावर लांब धरून बघितलं तेव्हा तीच चौकट डोळ्यात भरली. वरती घट्ट वस्ती आणि खाली उंचच उंच खांब. बाजूला एक टिंबाएवढा माणूस काढला आणि मग मोजलं तर खांब माणसाच्या वीसपट उंच, म्हणजे तीस-पस्तीस मीटर. आता प्रश्न सुरू. माणसं इतक्या वर का राहतील? शत्रूच्या भीतीने? ते उत्तर आळशी आहे, काल्पनिक जगात सगळंच शत्रूच्या भीतीने असतं. पाणी? पूर? पूर वर्षातून एकदा येतो, त्यासाठी कुणी एवढा खटाटोप करणार नाही, डोंगरावर जाऊन राहतील. मग रोज येणारं पाणी. भरती.

पण तीस मीटरची भरती? पृथ्वीवर मोकळ्या समुद्रात भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आत-बाहेर असतो. कॅनडातल्या बे ऑफ फंडीमध्ये तो १६ मीटरपर्यंत जातो, कारण आखात नरसाळ्यासारखं निमुळतं आहे आणि आखातातल्या पाण्याच्या हेलकाव्याची लय भरतीच्या लयीशी जवळपास जुळते. म्हणजे निमुळतं आखात तर हवंच, ते नकाशावर आलं. त्यावर आणखी काय? चंद्र जवळ आणला. भरती ओढणारा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे अंतर निम्मं केलं तर जोर आठपट. आपला चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, माझ्या जगात तो त्याच्या निम्म्या अंतरावर ठेवला आणि तीस मीटरचे खांब एकदम पटण्यासारखे झाले. काटेकोर गणित नाही हे, आखाताची लांबी वगैरे सगळं धरावं लागेल, पण गोष्टीपुरतं पुरे.

आणि आता बघा काय होतं. चंद्र निम्म्या अंतरावर म्हणजे आकाशात दुप्पट रुंद, पौर्णिमेचा उजेड साधारण चौपट. म्हणजे त्या शहराची रात्रीची चित्रं मी गडद काळी करायची नाहीत, सावल्या स्पष्ट पडणार. निम्म्या अंतरावरचा चंद्र फेरीही लवकर मारतो, २७ दिवसांची फेरी साडेनऊ-पावणेदहा दिवसांत, म्हणजे अमावस्या ते अमावस्या जेमतेम दहा दिवस. म्हणजे त्या लोकांचा "महिना" दहा दिवसांचा, पगार, बाजार, उधारी सगळं दहा दिवसांच्या हिशोबाने. आपल्याकडे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, तिथे चंद्र रोज आकाशात जास्त पुढे सरकणार म्हणून ती रोज जवळपास पावणेतीन तास उशिरा येईल. आज सकाळी सहाला पाणी वर असेल तर उद्या पावणेनऊला. अशा गावात घड्याळावर कोण जगेल? दुकान उघडायची वेळ पाणी ठरवणार. आणि तो "ताटकळलेलं" शब्द जो उगाच घेतला होता तो बरोबर बसला: सगळं गाव कायम पाणी उतरायची वाट बघत असतं, कारण रस्ते खाली आहेत. उजवीकडचे ते मार्करचे दोन फिके पट्टे, ते रस्ते. तेरा-साडेतेरा तासांतून एकदा बुडणारे.

हे सगळं सुकलेल्या पेनातून आलं. मी बसून "चला आता एक भरतीवर चालणारी संस्कृती विचारपूर्वक तयार करू" असं म्हटलं असतं तर मला खात्री आहे की मी एक समुद्रदेवी, तिचं देऊळ आणि एक पुजारी लिहून मोकळा झालो असतो.

म्हणून माझा एकच आग्रह असतो की चौकटीत काही विचित्र उमटलं तर ते "दुरुस्त" करायच्या आधी त्याला कारण देऊन बघा. कारण मिळालंच नाही तर सोडा. पण मिळालं तर ते एकटं येत नाही, चार गोष्टी ओढून आणतं.

कारणं द्यायला थोडा भूगोल डोक्यात लागतो मात्र, शाळेतला चालतो. नद्या खाली जाताना एकमेकींना मिळतात, फाटे फुटतात ते शेवटी मुखाशी, त्यामुळे स्केचमध्ये डोंगरातच नदीचे चार फाटे झाले असतील तर तिथे एकतर नदी उलटी वाहतेय किंवा कुणीतरी कालवे खणलेत, आणि कुणी खणले ही आख्खी गोष्ट आहे. दरी इंग्रजी व्ही सारखी टोकदार निघाली तर ती पाण्याने कापलेली, यू सारखी रुंद तळाची आली तर तिथून कधीकाळी हिमनदी सरकत गेलीये, म्हणजे तुमच्या जगाला हिमयुग होऊन गेलंय, अभिनंदन. चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्यांची टोकं वाऱ्याच्या दिशेने पुढे जातात, वाऱ्याकडची बाजू हलक्या उताराची आणि मागची साधारण तीस-चौतीस अंशांवर घसरणारी. एकदा हात गेला आणि टेकडीची उभी बाजू डावीकडे आली की वारा उजवीकडून वाहतोय हे ठरलं, मग धूर डावीकडेच जाणार, झाडं डावीकडेच झुकणार, घरांची दारं उजव्या बाजूला असणार नाहीत. डोंगराच्या एका बाजूला हिरवळ म्हणून रेघोट्या मारल्या असतील तर पलीकडे पर्जन्यछाया, कोरडं. हे सगळं मी स्केच करताना अजिबात आठवत नाही. ते नंतर, पान लांब धरल्यावर.

माप हा वेगळाच त्रास आहे आणि मला वाटतं काल्पनिक जगांची निम्मी स्केचेस इथेच मार खातात. सगळ्यांना प्रचंड काहीतरी हवं असतं. प्रचंड दाखवायला एक टिंबाएवढा माणूस पुरतो हे खरं, पण तो माणूस कुठे उभा आहे याला नियम आहे. सपाट जमिनीवर तुमच्या डोळ्यांची उंची म्हणजेच क्षितिजरेषा, त्यामुळे तुमच्याएवढी उंच माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांचे डोळे त्याच रेघेवर येतात. क्षितिज माणसाच्या दहापट उंचीवर असेल तर बघणारा दहा माणसांच्या उंचीवरून बघतोय. हे एवढं सांभाळलं तरी रफ स्केच अचानक खरं वाटायला लागतं, बाकी सगळं वेडंवाकडं असलं तरी.

आणि प्रचंड गोष्टी प्रचंड दिसतीलच असं नाही हेही लक्षात ठेवायला हवं. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स घ्या. उंची साधारण २२ किलोमीटर, रुंदी सुमारे ६०० किलोमीटर. माझ्या पाच सेंटीमीटरच्या चौकटीत तो आख्खा बसवला तर त्याची उंची किती येईल? दोन मिलीमीटरही नाही. सूर्यमालेतल्या सगळ्यात उंच डोंगरांपैकी एक, आणि कागदावर पेन जरा हलल्यासारखा फुगवटा. कडेला काही ठिकाणी कित्येक किलोमीटरचे उभे कडे आहेत ते सोडले तर त्याच्या अंगावर उभ्या असलेल्या माणसाला आपण डोंगरावर आहोत हे कळणारही नाही, उतार सरासरी पाचेक अंश आणि बाकीचा डोंगर क्षितिजाच्या पलीकडे गेलेला. मंगळ लहान असल्याने क्षितिजही जवळ: पृथ्वीवर उभ्या माणसाला सपाट जागी ते साधारण पावणेपाच किलोमीटरवर असतं, मंगळावर साडेतीनच्याही आत. तेव्हा "माझ्या जगातला पर्वत वीस किलोमीटर उंच आहे" असं म्हणून जो सुळका काढतात, तो सुळका खरंतर दोन-तीन किलोमीटरचा असतो. असू दे की, दोन किलोमीटर सरळ उभा कडा हा काय कमी भयानक आहे? उलट वीस किलोमीटरवाल्याची गंमत वेगळी काढता येईल: पिढ्यानपिढ्या माणसं त्यावर राहतायत आणि त्यांना माहीतच नाही की ते डोंगरावर आहेत.

छटांबद्दल एवढंच की तीनच ठेवायच्या. काळा, राखाडी, कागद. जवळचं काळं, मधलं राखाडी, लांबचं कोरं, किंवा याच्या उलट, पण तीनच. पृथ्वीवर लांबचं फिकट आणि निळसर दिसतं ते मधल्या हवेमुळे, हवेत उजेड विखुरतो म्हणून, आणि आपला डोळा अंतर ओळखायला यावर फार अवलंबून असतो. हवाच नसेल तर काय होतं ते अपोलो १४ च्या लोकांनी फेब्रुवारी १९७१ मध्ये अनुभवलं. चंद्रावर कोन क्रेटर नावाच्या विवराच्या काठापर्यंत चालत जायचं होतं, चढउताराची जमीन, ओळखीची एकही खूण नाही, धुकं-धूळ काही नाही त्यामुळे लांबचं आणि जवळचं सारखंच लख्ख. काठ काही सापडेना, शेवटी परतले, आणि नंतर कळलं की ते काठापासून वीस-तीस मीटरवरच होते. तुमचं जग हवेशिवायचं असेल तर तीन छटांची ही सोपी युक्ती तिथे चालणारच नाही, सगळं एकाच धारेत काळं-पांढरं काढावं लागेल आणि बघणारा गोंधळेल, गोंधळायलाच हवा. उलट दाट धुळीचं जग असेल तर मधली छटा चौकटभर पसरवायची आणि काळा फक्त अगदी पायाशी.

इमारती, आतल्या जागा वगैरेंसाठी मला पिरानेसी या इटालियन कलाकाराच्या कैदखान्यांच्या प्रिंट्स पुन्हा पुन्हा बघाव्याशा वाटतात. जिओव्हानी बात्तिस्ता पिरानेसी, १७५० च्या आसपास त्याने काल्पनिक तुरुंगांच्या १४ प्लेट, म्हणजे कोरलेले धातूचे पत्रे, छापल्या, भराभर ओढलेल्या मोकळ्या रेघा, कमानीवर कमान, जिने. मग १७६१ मध्ये त्याच प्लेट परत घेतल्या, जास्त काळ्या केल्या, जिने-पूल-यंत्रं आणखी भरली, दोन नवीन घातल्या. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून बघा. सगळे म्हणतात दुसरी जास्त भीतीदायक, आणि आहेच. पण जागा शोधायला बसलो की मला पहिलीच उपयोगी पडते, कारण तिच्यात अजून मोकळ्या फटी आहेत, डोळा घुसतो आणि स्वतःचं काहीतरी ठेवून येतो. दुसरीत सगळं भरलंय, तिथे आपण फक्त पाहुणे.

डिजिटलवर काम करणाऱ्यांसाठी दोन सूचना. झूम बंद, म्हणजे खरंच बंद, बोटांनी चुकून मोठं होतं आणि वीस मिनिटांनी तुम्ही दाराची कडी काढत असता. आणि अनडू कमी. लॅसोने, म्हणजे हवा तो आकार निवडायच्या टूलने, मोठे आकार कापून राखाडीने भरत गेलं की रेघेपेक्षा लवकर जागा तयार होते, रेघ काढली की आपण वस्तूंचा विचार करतो, आकार भरले की जागेचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठोकळे टाकून त्यात कॅमेरा फिरवणं हाही उत्तम प्रकार आहे, पण तो दुसऱ्या पायरीवर, गिरगोट्यांमधून काहीतरी सापडल्यावर. सुरुवातच ठोकळ्यांनी केली तर सगळं जग ठोकळ्यांचंच होतं, काटकोनात. आणि वाक्य टाइप करून चित्र मिळवायची जी सोय आता आलीये त्याबद्दल विचाराल तर माझा आक्षेप नैतिक वगैरे बाजूला ठेवूनही एवढाच आहे की तिथे सगळं पहिल्या फटक्यात पूर्ण झालेलं येतं. खिडक्यांसकट. प्रश्न विचारायला फट कुठे आहे?

एक सवय मात्र जरूर लावून घ्या, चौकटीखाली एक ओळ लिहायची. वर्णन नाही, प्रश्न. "पाणी कुठून?" "इथे कचरा कुठे टाकतात?" "हा जिना कुणी वापरत नाही का?" वर्णन लिहिलं की चौकट बंद होते. प्रश्न लिहिला की महिन्याभराने पान उलटलं तरी ती परत उघडते. काही चौकटींचे मी मग दुसऱ्या बाजूने कापही काढतो, म्हणजे जमीन सुरीने कापली तर आत काय दिसेल असं, विहिरी, तळघरं, मुळं, पाया. समोरून छान दिसणारं शहर कापात बघितलं की लगेच उघडं पडतं. खांबांवरच्या गावाचा काप काढला तेव्हाच लक्षात आलं की गोडं पाणी कुठे आहे याचा मी विचारच केला नव्हता, खाली सगळं खारं. मग छतं बदलली, सगळी आतल्या बाजूला उतरती, पावसाचं पाणी मधल्या हौदात जमा करणारी, आणि त्यामुळे लांबून दिसणारी गावाची बाह्यरेषा पूर्ण वेगळी झाली, टोकदार छपरांच्या ऐवजी वाट्यांसारखी. समोरून कितीही स्केचेस केली असती तरी ते सुचलं नसतं.

मोठा कागद कधी घ्यायचा? मी असं बघतो की नवीन चौकट काढताना उजेड कुठून येतोय, पाणी कुठे जातंय, वारा कुठला आहे हे मुद्दाम ठरवावं लागत नाही, हात आपोआप बरोबर करतो, तेव्हा ती जागा पुरेशी पिकली. मग पर्स्पेक्टिव्ह, रंग, रेफरन्स फोटो, काय हवं ते. त्याआधी घाई केली तर चित्र छान होतं आणि जागा पोकळ राहते, आणि छान चित्र एकदा झालं की ते मोडवत नाही हा आणखी एक घोळ.

खांबांवरच्या गावाला अजून मोठा कागद मिळालेला नाही. सध्या गटारांवर अडकलोय. खाली सोडली तर साडेतेरा तासांनी सगळं परत घराखाली, वर साठवावी तर पिण्याच्या पाण्याच्या हौदाशेजारी, आणि आखात निमुळतं असल्यामुळे वाहून जाणार कुठे हाही प्रश्नच. आज त्याच्या चौकटी करायच्यात, शब्द घेतलाय "तुंबलेलं".